पटावरची घरे : हेरगिरीवरील एका मराठी पटखेळाचे परीक्षण

मे महिन्यात जळगावात सकाळी अकरानंतर घराबाहेर पडण्याची सोय राहत नाही. ऊन उतरेपर्यंत चार माणसांना एका खोलीत न भांडता बसवील अशी काही वस्तू शोधत मी फुले मार्केटमधील एका स्टेशनरीच्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने कॅरम आणि व्यापार यांच्या मागून हा खोका काढून दिला. धुळ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी स्वतः रचून मोजक्याच प्रती छापून घेतलेला हा खेळ आहे. किंमत ६५० रुपये, खेळाडू दोन ते चार, आणि एका डावाला साधारण दीड तास लागतो. गेल्या तीन आठवड्यांत आमचे अकरा डाव झाले असल्यामुळे आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

परक्या देशाच्या राजधानीत राजवट डळमळू लागली आहे आणि तुम्ही दूतावासात बसलेले अधिकारी आहात. तुमचे चार हस्तक त्या शहरात आहेत. त्यांच्याकडून माहितीही मिळवत राहायचे आणि त्यांना घरच्यांसह वेळेत बाहेरही काढायचे. निदर्शने, संचारबंदी, लष्करी कायदा आणि दूतावास बंद अशा चार टप्प्यांतून पटाच्या कडेने काळ पुढे सरकतो. हस्तकाला लवकर काढले तर माहितीचे गुण बुडतात आणि उशीर केला तर विमानतळाचे घर पालथे पडते, या ओढाताणीवर सगळा खेळ उभा आहे.

ही ओढाताण रचनाकाराने इतिहासातून नेमकी उचलली आहे. पोलंडच्या सेनादलातील कर्नल रिझार्ड कुक्लिन्स्की १९७२ पासून अमेरिकेला कागदपत्रे पुरवत होते, आणि देशात लष्करी कायदा लागू करण्याची योजना त्यांच्याच कार्यालयात आकार घेत होती. म्हणजे ज्या माहितीसाठी त्यांनी तिथे राहणे मोलाचे होते, तीच माहिती त्यांचा धोका वाढवत होती. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांना पत्नी आणि दोन मुलांसह गुपचूप बाहेर काढण्यात आले आणि १३ डिसेंबरला पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. आमच्या अकरा डावांत एवढा अचूक मुहूर्त साधणे कोणालाही जमलेले नाही.

खेळातील सर्वांत चांगली कल्पना म्हणजे 'घर' नावाचे पत्ते. प्रत्येक सोंगटीखाली ते पालथे ठेवलेले असतात. हस्तकाच्या घरी कोण आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारण्यात एक खेळी खर्च होते, म्हणून नवखा खेळाडू विचारायचे टाळतो. मग शेवटच्या फेरीत पत्ता उलटल्यावर दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली आई निघते, आणि गाडीत जागा एकच असते. माझ्या भाचीचा पहिला डाव असाच गेला, "मामा, हे आधी नाही का सांगायचं?" असे ती मला म्हणाली खरी, पण चूक तिचीच होती, तिने विचारले नव्हते.

याच पत्त्यांवरून वहिनींनी विचारले, की नवरा काय करतो हे हस्तकाच्या बायकोला ठाऊक असते का. नियमपुस्तिकेत याचे उत्तर नाही, आणि हीच खेळाची मोठी उणीव आहे. पटावर घरच्यांना हलवायला एक खेळी पुरते. कोणी नकार देत नाही, कोणी कारण विचारत नाही. प्रत्यक्षात ब्रिटनसाठी काम करणारे केजीबी या सोव्हिएत हेरसंस्थेचे अधिकारी ओलेग गोर्दियेव्स्की यांनी पत्नीला काहीच सांगितले नव्हते. जुलै १९८५ मध्ये त्यांना मोटारीच्या डिकीत लपवून फिनलंडच्या हद्दीत नेण्यात आले, तेव्हा पत्नी आणि दोन मुली सोव्हिएत संघातच राहिल्या आणि त्यांची भेट थेट १९९१ मध्ये झाली. तो संसार पुढे टिकला नाही. सोबतच्या दुसऱ्या मोटारीत ब्रिटिश अधिकाऱ्याचे तान्हे बाळही होते आणि सीमेवर कुत्री हुंगत आली तेव्हा बाळाच्या आईने गोर्दियेव्स्की लपलेल्या डिकीवरच त्याचे लंगोट बदलायला घेतले. अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या घरांचा मात्र खेळात एकही पत्ता नाही.

'कागद जाळा' ही खेळी मला फार आवडली. दूतावास बंद होण्यापूर्वी ती केली नाही, तर मागे राहिलेले सगळे हस्तक एका फेरीत पकडले जातात. हे अतिरंजित वाटेल, पण १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात यंत्राने कापलेल्या कागदांच्या पट्ट्याही इराणी लोकांनी चिकाटीने जुळवून वाचल्या होत्या. अलीकडचे उदाहरण याहून बोलके आहे : फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्यातून आश्रय मागणाऱ्या हजारो अफगाणांची यादी चुकून बाहेर गेली आणि त्यात त्यांच्या नातलगांचेही तपशील होते.

'संकेत' पत्त्यांवर एप्रिल १९७५ मधील व्हिएतनामच्या सायगॉन शहराचा उल्लेख आहे. शहर सोडण्याची खूण म्हणून अमेरिकी रेडिओवर 'तापमान १०५ अंश आणि वाढते आहे' असे सांगून नाताळचे गाणे लावायचे ठरले होते. ते अंश फॅरनहाइटचे, म्हणजे आपल्या मापाने साडेचाळीसच्या आसपास; वैशाखात जळगावकराला त्यातून कसलाच संकेत मिळाला नसता.

छपाई बेताची आहे. हिरव्या आणि निळ्या सोंगट्या ट्यूबलाइटच्या उजेडात सारख्याच दिसतात, आणि पट घडीवर उसवू लागल्याने आम्ही मागून चिकटपट्टी लावली आहे. नियमपुस्तिकेची भाषा मात्र स्वच्छ आहे. दहा वर्षांखालील मुलांना हा खेळ देऊ नये. त्यांना नियम कळतील, पण मागे राहिलेल्या सोंगट्यांचे काय झाले असे ती विचारत बसतील.

आठव्या डावानंतर वहिनींनी शेवभाजीच्या बिलाच्या पाठीवर 'सासूबाई येत नाहीत' असे लिहून त्याचे चार तुकडे केले आणि ते घराच्या पत्त्यांत मिसळले. ज्याच्याकडे तो तुकडा निघेल, त्याने तीन खेळ्या समजूत घालण्यात घालवायच्या. त्यानंतरच्या तीन डावांत चारही घरे पूर्ण बाहेर काढणे आमच्यापैकी कोणालाही जमलेले नाही.