कॉलेजचं कॅम्पस अ‍ॅप आणि पिअर मेंटर सेवा : अ‍ॅपला तीन स्टार, मेंटरला पाच

दोन्ही गोष्टी आमचं कॉलेज फुकट देतं आणि ओरिएंटेशनला एकाच स्लाइडवर दाखवतं, त्यामुळे बहुतेक जण अ‍ॅप डाउनलोड करतात आणि झालं काम म्हणतात, मेंटरकडे, म्हणजे नवीन पोरांना हाताशी धरणाऱ्या सीनियर विद्यार्थ्यांकडे, कोणी फिरकतच नाही. म्हणून मुद्दाम लिहितेय. कॅम्पसवर काहीतरी करायचंय पण शिरायचं कुठून हे कळत नाहीये असं ज्यांचं होतंय, त्यांनी आधी मेंटरकडे जा, अ‍ॅप नंतर बघा.

अ‍ॅप वाईट नाहीये हं. कॅलेंडर एकदम व्यवस्थित आहे, आवडीप्रमाणे फिल्टर लावता येतो, रूम बदलली तर नोटिफिकेशन वेळेत येतं. पण घोडं अडतं ते पुढे. इव्हेंट उघडला की दिसतं काय, तर "जनरल मीटिंग, साडेपाच, दुसरा मजला". बस्स. मी एकटी आले तर चालेल का, आधीपासून काही येत असायला हवं का, अर्ध्यातून उठून गेलं तर कोणाला राग येईल का, नवीन पोराच्या डोक्यात हेच प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं कुठेच नाहीत. जॉइनचं बटण दाबलं की अभिनंदनाचा मेसेज येतो आणि त्यानंतर कोणी हाल विचारत नाही. काही क्लबचे पदाधिकारी पास होऊन गेले तरी पानं तशीच आहेत, मेसेज टाकला तर उत्तर येत नाही आणि नवीन माणसाला वाटतं की आपल्यालाच कोणी विचारत नाही. ही साफसफाई दर सेमिस्टरला व्हायला हवी, एवढं तर करता येईल ना!

आणि दारात क्यूआर स्कॅन केला की अ‍ॅपच्या हिशोबाने तुम्ही सहभागी झालात. उच्च शिक्षणावर संशोधन करणारे अमेरिकन अभ्यासक अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी १९८४ मध्ये विद्यार्थी सहभागाची थिअरी मांडली, त्यात सहभाग म्हणजे विद्यार्थी स्वतःची शारीरिक आणि मानसिक ऊर्जा किती घालतो ते, आणि तो किती वेळ देतो याच्याइतकंच किती मनापासून देतो हेही त्यात धरलंय. मागच्या रांगेत बसून फोन बघणाऱ्याचा स्कॅन आणि मांडव उभा करणाऱ्याचा स्कॅन अ‍ॅपमध्ये सारखाच. मग ऑफिसला वाटतं सगळं छान चाललंय.

आता मेंटरबद्दल. मला मिळालेली ताई तिसऱ्या वर्षाची होती. मला वाटलेलं छंद विचारेल, तर तिने पहिला प्रश्न विचारला, "आठवड्यात तुझा कुठला वेळ खरंच मोकळा असतो, आणि घरी जायची घाई किती?" मी नाटकाचं नाव काढलं पण स्टेजवर अजिबात जाणार नाही म्हणाले. तिने तिथल्या तिथे बॅकस्टेजच्या दादाला फोन लावला, "एक जण पाठवतेय, तिला क्यू शीट दे." (क्यू म्हणजे नाटकात लाइट वगैरे नेमका कधी बदलायचा ती खूण, आणि क्यू शीट म्हणजे त्यांची यादी.) पहिल्या दिवशी स्वतः माझ्यासोबत आली, ओळख करून दिली, थोडा वेळ थांबली आणि मग निघून गेली.

माझ्या हातात स्क्रिप्ट आणि पेन्सिल. अमुक वाक्य संपलं की लाइट बदलायचा, तिथे खूण करायची आणि लाइटवाल्याला हाताने इशारा द्यायचा, बाकी काही नाही. पण तालीम थांबली की "अगं, कुठला क्यू होता?" असं सगळे मलाच विचारायला लागले. कोणाशी काय बोलू हा प्रश्नच उरला नाही कारण बोलायला काम होतं, आणि एखाद्या दिवशी गेले नाही तर दुसऱ्या दिवशी "काल कुठे होतीस?" विचारणारं माणूस होतं. या सेवेला पाच स्टार आहेत ते यासाठी. हाताला काम लावून देतात, नुसता पत्ता देत नाहीत.

तिने अजून एक गोष्ट सांगितलेली जी मी आता प्रत्येक ज्युनियरला सांगते. २०१८ च्या एका संशोधनात दिसलंय की अनोळखी माणसाशी बोलणं झाल्यावर आपण त्याला किती आवडलो याचा अंदाज लोक कमीच लावतात, प्रत्यक्षात समोरच्याला आपण जास्त आवडलेलो असतो. आणि नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायलाच साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात असं अमेरिकन संशोधक जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात आलंय, घट्ट मैत्रीला २०० च्या वर. म्हणजे क्लब फेअरमध्ये चार स्टॉल फिरून कोणी मित्र झालं नाही म्हणून नाराज व्हायचं कारणच नाही, तिथे तेवढा वेळच नसतो. एकाच ठिकाणी परत परत जायला हवं.

तक्रारी आहेत. मेंटर डेस्क अकरा ते चार उघडं, म्हणजे नेमकं लेक्चरच्या वेळेत, आणि जी पोरं शिकता शिकता नोकरी करतात त्यांना तर ते कधीच सापडत नाही. खरं तर त्यांनाच याची जास्त गरज आहे, त्यांच्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ तरी ठेवायलाच हवी. दुसरं म्हणजे सगळं फर्स्ट इयरभोवती फिरतं. दुसऱ्या कॉलेजमधून मधल्या वर्षाला आलेल्यांना ओरिएंटेशन नाही, मेंटरही आपणहून मिळत नाही, आणि तोपर्यंत वर्गातले ग्रुप पक्के झालेले असतात. माझ्या बेंचवरची मुलगी अशीच आलेली, तिला ही सेवा आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं. फॉर्म पण उगाच लांबलचक आहे, मेंटर तो वाचतात असं काही वाटलं नाही, सगळं तोंडी परत विचारतातच.

जाणार असाल तर पहिल्या आठवड्यात जाऊ नका, तुफान गर्दी असते आणि मेंटर घाईत असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा, तेव्हा कुठल्या क्लबला खरंच माणसं हवीयत हे त्यांना माहीत असतं. टाइमटेबल सोबत न्या, आणि "कुठला क्लब चांगला" असं न विचारता "या आठवड्यात कोणाला हात कमी पडतायत" असं विचारा. मधल्या वर्षाला आलेले असाल तरी बिनधास्त जा, मागितला की मेंटर देतात, त्या बेंचवरच्या मुलीला मागितल्यावर लगेच मिळाला.