पंधरा मिनिटांचं अभय : स्टार ट्रेकच्या फॅनफिल्म नियमावलीचं परीक्षण

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिका-चित्रपटांचे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट या स्टुडिओंनी २३ जून २०१६ रोजी फॅनफिल्मसाठी, म्हणजे चाहत्यांनी स्वतः बनवलेल्या फिल्मसाठी, दहा कलमांची नियमावली जाहीर केली. ती फुकट आहे. अर्ज नाही, सही नाही, कुणाच्या उत्तराची वाट पाहणं नाही. कलमं पाळा, आम्ही हरकत घेणार नाही आणि कोर्टात खेचणार नाही, एवढाच सौदा. या सौद्याच्या भरवशावर पटकथा, सेट आणि लोकांनी दिलेले पैसे लावावेत का, याचा हा आढावा. दहा-बारा मिनिटांच्या हौशी फिल्मसाठी खुशाल लावावेत. मालिका किंवा लांबीचा चित्रपट डोक्यात असेल तर नाही.

आधी कागदाची जात ओळखली पाहिजे. हा परवाना नाही. परवान्यात मुदत असते, कक्षा असते आणि तो कधी रद्द होईल हेही लिहिलेलं असतं. इथे स्टुडिओने फक्त स्वतःच्या वागण्याबद्दल शब्द दिला आहे, आणि नियम कधीही बदलण्याचा किंवा मागे घेण्याचा हक्क त्याच मजकुरात राखून ठेवला आहे. स्क्रिप्ट लिहिताना पाळलेले नियम एडिटिंगच्या वेळी तेच असतील, याची हमी कुठेच नाही. म्हणून पहिलं काम : ज्या दिवशी काम सुरू कराल त्या दिवशीच्या नियमांची तारखेसह प्रत जपून ठेवा. तिने हक्क मिळत नाही, पण तुम्ही कशावर विसंबून होता हे दाखवता येतं.

ही कलमं अशी का आहेत, हे ‘अ‍ॅक्सनार’ खटल्याशिवाय कळत नाही. २०१४ मध्ये ‘प्रील्यूड टू अ‍ॅक्सनार’ ही साधारण एकवीस मिनिटांची फॅनफिल्म आली. तिच्या जोरावर पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी लोकवर्गणी सुरू झाली आणि जमा रक्कम दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. २९ डिसेंबर २०१५ रोजी दोन्ही स्टुडिओंनी कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात तिच्या निर्मात्यांवर कॉपीराइट उल्लंघनाचा दावा ठोकला. अमेरिकन कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी एकेका कलाकृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते, आणि स्टार ट्रेकच्या मालिका-चित्रपटांची संख्या पाहता हा आकडा कुणाचीही झोप उडवणारा होता. खटला चालू असतानाच नियमावली आली.

जानेवारी २०१७च्या पहिल्या आठवड्यात न्यायाधीश क्लाउसनर यांनी निर्मात्यांचा फेअर यूजचा, म्हणजे परवानगीविना वापराला कायद्यात असलेल्या मर्यादित मुभेचा, बचाव फेटाळला. या निकालातली मेख प्रत्येक फॅनफिल्मवाल्याने समजून घ्यावी. निर्मात्यांचा अभिमान असा की आमची फिल्म मूळ विश्वाशी तंतोतंत जुळते : क्लिंगॉन आणि व्हल्कन हे परग्रहवासी तसेच, गणवेश तसे, जहाजं तशी, मूळ मालिकेत येऊन गेलेला गार्थ नायक म्हणून. चाहत्यांच्या दृष्टीने हा गुण. कायद्याच्या दृष्टीने हाच पुरावा. फेअर यूज तपासताना कोर्ट वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती घेतलं आणि मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम होतो, या चार गोष्टी पाहतं. विडंबन मूळ कृतीवर टिप्पणी करतं, म्हणून त्याला पहिल्या कसोटीवर आधार मिळतो. निष्ठेने केलेला विस्तार टिप्पणी करत नाही. मालकाने स्वतः विकला असता असाच माल तो तयार करतो. फिल्म फुकट दाखवली म्हणून ती अव्यावसायिक ठरली नाही, कारण अप्रत्यक्ष फायदाही मोजला गेला. दोन्ही कृतींमधलं साम्य सर्वसाधारण प्रेक्षकाला कितपत जाणवतं, हा प्रश्न ज्यूरीसाठी उरला. ३१ जानेवारीला सुनावणी होती, २० जानेवारीला तडजोड झाली : पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग, यूट्यूबवर, जाहिरातींशिवाय.

हे डोळ्यांसमोर ठेवून कलमं वाचली की कोणतं कलम कुठल्या दुखण्यावरचं औषध आहे ते लगेच दिसतं.

लांबीचं कलम सर्वांत जाचक. एक स्वतंत्र कथा पंधरा मिनिटांच्या आत, किंवा दोन भाग मिळून जास्तीत जास्त तीस मिनिटं. पुढचा भाग नाही, सीझन नाही, रिमेक नाही. लघुपट लिहिणाऱ्याला पंधरा मिनिटं पुरतात : एक जहाज, एक पेच, तीन-चार पात्रं. मालिका करणाऱ्यांची मात्र वाट लागली. २०१३ पासून चाललेल्या ‘स्टार ट्रेक कंटिन्यूज’ने ठरवलेले भाग कमी करून २०१७ मध्ये अकराव्या भागावर गाशा गुंडाळला. न्यूयॉर्क राज्यातल्या टायकोंडेरोगा इथे ‘न्यू व्हॉयेजेस’ या दुसऱ्या फॅनमालिकेसाठी उभारलेले हुबेहूब सेट रीतसर परवाना घेऊन पर्यटकांसाठी खुले झाले. सेटवाल्यांसाठी हा तोडगा झकास, गोष्ट सांगणाऱ्यांसाठी बंद दार.

माणसांचं कलम वरवर साधं वाटतं. सगळे हौशी हवेत, कुणालाही मोबदला नाही, आणि स्टार ट्रेकच्या कुठल्याही मालिका-चित्रपटावर किंवा त्यांच्या परवानाधारकांकडे आज किंवा पूर्वी काम केलेलं कुणी नको. पूर्वी मूळ मालिकेतले कलाकार वॉल्टर कोनिग आणि जॉर्ज ताकेई यांनी चाहत्यांच्या भागांत आपल्याच भूमिका पुन्हा केल्या होत्या. तो रस्ता या कलमाने संपला. व्यवहारात अडचण कॅमेऱ्यामागे येते. पोटापाण्यासाठी साउंड रेकॉर्डिंग करणारा मित्र फुकटात आला तर तो हौशी की व्यावसायिक? नियमावलीत ‘हौशी’ची व्याख्या नाही. सुरक्षित मार्ग एवढाच : कुणाला पैसे दिले नाहीत याची लेखी नोंद ठेवा आणि प्रत्येकाकडून स्टार ट्रेकशी पूर्वीचा व्यावसायिक संबंध नसल्याचं लिहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि लोक हमखास विसरतात.

पैशांची मर्यादा ५०,००० डॉलर, आणि त्यात वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळाची फीसुद्धा धरलेली आहे. किकस्टार्टरची ५ टक्के फी आणि व्यवहारखर्चाचे साधारण ३ ते ५ टक्के वजा केले की हातात ४५ ते ४६ हजार उरतात. बजेट याच आकड्यावर बांधा. शिवाय वर्गणीदारांना फिल्मचा टी-शर्ट, पोस्टर, बिल्ला देता येत नाही. विनापरवाना वस्तू विकणं आणि बक्षीस म्हणून वाटणं, दोन्ही बंद. डीव्हीडी-ब्लूरे नाही, जाहिरातींचं उत्पन्न नाही. मोहीम सुरू करण्याआधी तिच्या पानावरची बक्षिसांची यादी तपासा, कारण घसरण बहुतेक तिथूनच सुरू होते. दारू, अमली पदार्थ, शिवीगाळ, नग्नता यांवरही बंदी आहे, तेव्हा युद्धाचं भीषण वास्तव दाखवायचं असेल तर हे विश्व निवडू नका.

शीर्षकात ‘स्टार ट्रेक’ हे शब्द नकोत, पण साध्या टायपात ‘ही स्टार ट्रेकची फॅन निर्मिती आहे’ या अर्थाचं ठरलेलं उपशीर्षक हवंच, आणि ‘अधिकृत’ हा शब्द कुठेही नको. श्रेयनामावलीत आणि प्रसिद्धीच्या साहित्यात ठरावीक डिस्क्लेमर लागतो. तो शब्दशः उतरवा, स्वतःच्या भाषेत सजवू नका. ‘उल्लंघनाचा हेतू नाही’ हे चाहत्यांचं लाडकं वाक्य कायद्यात शून्य किमतीचं आहे. मूळ मालिकेतल्या क्लिप वापरायच्या नाहीत, जुने प्रसंग पुन्हा चित्रित करायचे नाहीत. गणवेश आणि खेळणी बाजारातून घेतली तर ती अधिकृतच हवीत. नियमाचा रोख नकली मालावर आहे, घरी शिवलेल्या गणवेशावर नाही.

सर्वांत कमी चर्चा होते ती नोंदणीच्या कलमाची, आणि आमच्या मते खरा काटा तिथेच आहे. फिल्म किंवा तिचा कुठलाही भाग कॉपीराइट वा ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा नाही. अमेरिकेत तयार झालेल्या कृतीसाठी दावा लावायचा तर आधी नोंदणी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे उद्या तुमची फिल्म कुणी उचलून आपल्या चॅनलवर टाकली आणि पैसे कमावले, तर टेकडाउनची, म्हणजे ती उतरवण्याची, नोटीस पाठवता येईल, पण पुढे कोर्टात जाता येणार नाही. तुम्ही नव्याने निर्माण केलेलं पात्रही या कलमातून सुटत नाही. कलम नसतं तरी स्थिती फार वेगळी नव्हती. ‘रॉकी’च्या पुढच्या भागासाठी परवानगीविना कथा लिहिणाऱ्या लेखकाला १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने सांगितलं की उसन्या पात्रांवर उभ्या केलेल्या या कथेत त्याच्या स्वतःच्या भरीलाही संरक्षण नाही. तेव्हा एखादं पात्र खरंच दमदार सुचलं असेल तर ते इथे खर्च करू नका, स्वतःच्या विश्वासाठी राखून ठेवा.

दहाही कलमं पाळली तरी यूट्यूबच्या कंटेंट आयडी या आपोआप चालणाऱ्या कॉपीराइट-तपासणीला त्यांचा पत्ता नसतो. ती यंत्रणा आवाज आणि चित्र जुळवते, हेतू वाचत नाही. आणि संगीताचे हक्क अनेकदा स्टुडिओच्या सर्जनशील विभागाकडे नसून संगीत प्रकाशकाकडे असतात. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या, ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ वेडर या खलनायकावरच्या एका फॅनफिल्मचं उदाहरण बोलकं आहे. निर्मात्याने जाहिराती लावल्या नव्हत्या, संगीत नव्याने बनवलं होतं, पण त्यात वेडरची ओळख बनलेली ‘इम्पीरियल मार्च’ची धून ओळखू येत होती. जानेवारीत वॉर्नर चॅपेल या संगीत प्रकाशकाने क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, टाकला. ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या लुकासफिल्मने मध्यस्थी केली तेव्हा कुठे तो मागे घेतला गेला.

संगीतात दोन वेगळे हक्क असतात : रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. स्वतः वाजवून रेकॉर्ड केल्याने दुसरा प्रश्न सुटतो, पहिला नाही. कव्हर गाण्यासाठी ऑनलाइन मिळणारं मेकॅनिकल लायसन्स फक्त ऐकण्याच्या प्रतीला लागू पडतं. चित्राबरोबर धून जोडायची तर सिंक लायसन्स लागतं आणि ते देण्याचं बंधन कुणावर नाही. म्हणून संगीतकाराला मूळ धून ‘हलकीशी आठवेल’ असं काही करायला सांगूच नका.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी फिल्म खासगी ठेवून अपलोड करा. अपलोडच्या वेळीच होणाऱ्या तपासणीत क्लेम लागला तर कुठल्या सेकंदाला, कुणाचा आणि त्याचा परिणाम काय हे दिसतं. बहुतेकदा तेवढा भाग काढणं, म्यूट करणं किंवा संगीत बदलणं यावर काम भागतं. क्लेमला आव्हान दिलं तर दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्याने नाकारलं तर अपील, आणि त्यावर ७ दिवस. अपीलवर त्याने टेकडाउन मागितलं तर चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे ताकिदीचा ठपका, बसतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनलच जाण्याची वेळ. आव्हानाच्या अर्जात ‘माझ्याकडे परवाना आहे’ हा पर्याय निवडण्याचा मोह होतो. नियमावली परवाना नाही, त्यामुळे तो निवडणं म्हणजे चुकीचं विधान करणं.

इतरांचे कागद याच्या शेजारी ठेवले की हिची प्रतवारी करता येते. लुकासफिल्मने फॅनफिल्म स्पर्धा भरवून चाहत्यांना आपल्याकडे ओढलं, सुरुवातीला फक्त विडंबन आणि माहितीपट स्वीकारून. पण स्पर्धेबाहेरच्या कामाला अशी कलमवार सवलत नाही, सगळं मर्जीवर. वॉर्नर स्टुडिओने ‘हॅरी पॉटर’मधल्या व्होल्डेमॉर्टवरच्या इटालियन फॅनफिल्मची लोकवर्गणी २०१६ मध्ये थांबवली आणि बोलणी झाल्यावर नफ्याविना प्रदर्शनाला मोकळीक दिली. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरच्या २००९च्या ‘द हंट फॉर गॉलम’ या फॅनफिल्मचा किस्सा तर मासलेवाईक : पंधरा वर्षं निवांत यूट्यूबवर असलेली फिल्म, मे २०२४ मध्ये वॉर्नरने त्याच नावाचा चित्रपट जाहीर करताच क्लेममुळे गायब झाली आणि लगेच परतलीही. ‘पॉवर रेंजर्स’चे तेव्हाचे हक्कधारक साबान यांनी २०१५ मध्ये ‘पॉवर/रेंजर्स’ ही फॅनफिल्म उतरवली आणि काही दिवसांत डिस्क्लेमर व वयाच्या अटीवर परत येऊ दिली. ‘वॉरहॅमर’ खेळांच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने २०२१ मध्ये आपल्या विश्वांवरच्या फॅनफिल्म आणि अ‍ॅनिमेशनला सरळ नकार लिहून टाकला. त्या तुलनेत स्टार ट्रेकची नियमावली कंजूष आहे, पण स्पष्ट आहे, आणि स्पष्टपणासाठी आम्ही तिला वरचा नंबर देऊ.

टेकडाउन झालाच आणि तो चूक आहे याची खात्री असेल, तर प्रतिनोटीस, म्हणजे टेकडाउनला दिलेलं कायदेशीर उत्तर, हा शेवटचा उपाय. ती गेल्यावर दावेदाराला कोर्टात गेल्याचा पुरावा देण्यासाठी अमेरिकेतले कामाचे १० दिवस मिळतात; न दिल्यास फिल्म परत येते. मात्र तिच्यात खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, तो दावेदाराला कळवला जातो, विधान खोटं ठरल्यास शिक्षेची तरतूद मान्य करावी लागते आणि अमेरिकेबाहेर राहत असलात तरी तिथल्या फेडरल कोर्टाचं अधिकारक्षेत्र स्वीकारावं लागतं. पाठवण्याआधी कॉपीराइटच्या वकिलाला दाखवा, आणि फिल्ममधल्या प्रत्येक सेकंदाचं चित्र आणि ध्वनी कुठून आला याचा तक्ता त्याच्यासमोर ठेवा.