‘ऑफिशियल रनवे फोटोग्राफर’ व्हायला मी ९१,०८० रुपये भरले

९१,०८० रुपये. फॅशन शोचा फोटोग्राफर करतो म्हणून माझ्याकडून घेतले आणि फसवलं. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण पोलीस ठाण्यापासून बँकेपर्यंत ज्याला त्याला पहिला प्रश्न हाच पडतो, ‘किती गेले?’ आणि आकडा ऐकला की तोंडावर एकच भाव, एवढेच ना! एवढेच म्हणजे आमच्या सांगली-मिरजेकडच्या एका अख्ख्या लग्नाच्या ऑर्डरचे पैसे. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेरे, एक ड्रोन आणि दोन पोरं राबवल्यावर मिळणारे. त्यातून पोरांचा पगार आणि अल्बमचं बिल जातं, ते वेगळंच.

आधी हे सांगतो, मी काही लॉटरी लागली म्हणून धावणारा माणूस नाही. केवायसीवाले, पार्सलवाले, डिजिटल अरेस्टवाले, सगळ्यांचे फोन मी कापलेले आहेत. पण त्यांना माझा धंदा माहीत नव्हता. या फॅशन शोवाल्यांना माहीत होता. गेली काही वर्षं लग्नाच्या फोटोग्राफीत काय चाललंय ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. गल्लीत चार स्टुडिओ, प्रत्येक जण कॅन्डिडवाला. त्यात आता मोबाइलवर रील काढून देणारा पोरगा वेगळे पैसे घेतो आणि पार्टी तेवढेच आपल्या पॅकेजमधून कापते. वर मांडवात हाक ‘ओ फोटोवाले, इकडं बघा की’. अशा माणसाला चातुर्मासात, हाताला काम नसताना, इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसते की वेडिंग फोटोग्राफरमधून रनवेसाठी, म्हणजे फॅशन शोच्या रॅम्पसाठी, निवड चालू आहे. कोण क्लिक करणार नाही?

पोर्टफोलिओ पाठवला. दुसऱ्याच दिवशी ‘क्रिएटिव्ह टीम’मधल्या एका मॅडमचा फोन. माझा एक फोटो तिनं नेमका उचलला. एक नवरी हातात शालू सावरत वाड्याच्या पायऱ्या उतरतेय, तो. म्हणाली, “सर, तुमच्या फ्रेममध्ये मूव्हमेंट आहे, रनवेला हेच लागतं.” त्या फोटोचं इतकं कौतुक माझ्या घरच्यांनीही केलं नव्हतं. कौतुक फुकट मिळायला लागलं की बिल मागून येतं, एवढं धरून चाला.

बिल असं आलं. नोंदणी २,३६० रुपये. मग ‘सिलेक्शन’ झालं म्हणून मुख्य पॅकेज ५९,००० रुपये. त्यात प्रशिक्षण, पिटमधली (रनवेसमोर फोटोग्राफर उभे राहतात तिथली) जागा, तीन डिझायनरांच्या लुकबुकचं, म्हणजे कपड्यांच्या फोटो-कॅटलॉगचं, पैसे देणारं काम आणि पुढच्या सीझनला दुबई. नंतर परत मिळणारी अनामत म्हणून २५,०००. शेवटी कॅमेरा आत न्यायचा ‘इक्विपमेंट पास’, ४,७२०. अनामत सोडली तर प्रत्येक रकमेवर १८ टक्के जीएसटी बरोब्बर लावलेला. पावतीवर कर दिसला की आपल्याला वाटतं, माणूस कायद्यातला आहे. मलाही तसंच वाटलं.

आता खरी जळजळ. ५९,००० भरताना मी सांगलीत विश्रामबागच्या स्टुडिओत होतो. मॅडमनं पाठवलेला क्यूआर स्कॅन केला आणि पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं ते एका बाईचं, साधं बचत खात्यावरचं असावं तसं. कंपनीचं नाव कुठेच नाही. माझा असिस्टंट शेजारी बसून एका साखरपुड्याचे फोटो निवडत होता. त्यानं मान वळवून बघितलं आणि म्हणाला, “दादा, नाव वेगळंच येतंय की.” मी काय म्हणालो? “अकाउंट्सवाली असेल. तू आपलं काम कर.” आणि पिन टाकला. आठ हजार पगाराच्या पोराला दिसलं ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं होतं. पण तोवर मी गावातल्या दोन-चार जणांना सांगून बसलो होतो, आणि मॅडम फोनवर होती, ‘सर, लास्ट दोन स्लॉट’ म्हणत. यूपीआयवाले नाव दाखवतात ते शोभेसाठी नाही. ते वाचायला पाच सेकंद लागतात. नाव जुळलं नाही तर पिन टाकू नका, फोन चालू असेल तर आधी तो कापा.

दुसरी गोष्ट पावतीवरच्या जीएसटी नंबरची. पत्ता अंधेरीचा होता. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर २७ नं सुरू होतो. यांचा ०६ नं, म्हणजे हरियाणाचा. पुढची दहा अक्षरं पॅनची असतात, त्यातलं चौथं अक्षर कंपनी असेल तर ‘सी’ असतं आणि एकट्या माणसाचं असेल तर ‘पी’. पावतीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरात ‘पी’! जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा नंबर कुणालाही फुकट तपासता येतो. मी तपासला, सगळं झाल्यावर. तो एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. म्हणजे कर म्हणून माझ्याकडून घेतलेले १०,०८० रुपये कुठे गेले ते सांगायला नको. ही गोष्ट जीएसटी खात्यालाही लिहून कळवली. उत्तर नाही.

शो झाला. हो, झाला, आणि पुढचं सगळं दुखणं त्यातच आहे. पंचतारांकित हॉटेल सांगितलं होतं. आदल्या रात्री ‘व्हेन्यू चेंज’चा मेसेज आला आणि अंधेरीतल्याच एका बँक्वेट हॉलचं लोकेशन. शोच्या नावात ‘वीक’, कार्यक्रम एका संध्याकाळचा. रनवेच्या टोकाला फोटोग्राफरांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा उंच मंच असतो, त्यावर जागा चिकटपट्टीनं आखलेल्या असतात, एवढं मी वाचून गेलो होतो. इथे मंचच नव्हता. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या मागे आम्हा बारा-पंधरा जणांना उभं केलं. सगळ्यांच्या गळ्यात एकच पट्टा, त्यावर ‘ऑफिशियल’. मी दोन मिनिटांत ओळखलं, सगळे लग्नवाले. कारण प्रत्येकाच्या खांद्यावर दोन कॅमेरे अडकवायचा चामडी हार्नेस आणि प्रत्येकाच्या कॅमेऱ्यावर फ्लॅश. एक लातूरचा, एक नाशिकचा, एक सुरतेहून आलेला. एकमेकांकडे बघून आम्ही कसनुसं हसलो. कुणी रकमेचा विषय काढला नाही.

प्रशिक्षण म्हणजे अर्ध्या तासाचं भाषण. त्यात कामाचं एकही वाक्य नव्हतं. जे मला आधीच येत होतं तेसुद्धा त्या माणसाला येत नव्हतं. रनवेवर कपडा विकायचा असतो, त्यामुळे डोक्यापासून चपलेच्या टोकापर्यंत अख्खी उभी फ्रेम लागते, पाय कापलेला फोटो बाद. पुढचा पाय जमिनीला टेकतो तो क्षण पकडायचा, शटर सेकंदाच्या ५०० व्या भागापेक्षा हळू नेलं की हात आणि पदर हललेला येतो, फ्लॅश बंद, व्हाइट बॅलन्स (रंग खरे येण्याची सेटिंग) ऑटोवर सोडायचा नाही. हे कुणीही सांगितलं असतं. लाइट बघितले तर संगीताच्या कार्यक्रमाला लावतात तेच रंगीत एलईडी दिवे, निळे-गुलाबी. पांढरी साडी दर दोन सेकंदांनी जांभळी. त्यात कसला व्हाइट बॅलन्स सेट करता!

मध्यंतरात एका मॉडेल मुलीच्या आईशी बोलणं झालं. त्यांनी मुलीला रॅम्पवर चालवण्यासाठी २५,००० भरले होते. ‘डिझायनर’ म्हणून आलेल्या बुटीकवाल्या बाईनंही पैसे भरलेले. म्हणजे चालणारी पैसे भरून, कपडे देणारी पैसे भरून, फोटो काढणारे पैसे भरून. फुकट आलेले फक्त खुर्च्यांवरचे नातेवाईक. लुकबुकचं काम देणारे डिझायनर कोण, तर त्याच बाई. त्या मलाच विचारत होत्या, “फोटो कधी मिळतील हो?”

त्यांना फोटो मी द्यायचेही नव्हते. गेटवर एक फॉर्म सहीला ठेवला होता, मागे रांग, पुढे ‘सर, जल्दी’. त्यात सगळ्या फोटोंचे हक्क आयोजकांना लिहून दिलेले. शेवटी कार्ड कॉपी करून घेतली, कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइलसकट. मी पैसे भरले, मी फोटो काढले आणि मालक ते. घाईत पुढे केलेल्या कागदावर सही करू नका. आपल्या मालकीचा कॉपीराइट लेखी सही केल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणूनच ती सही गेटवर घेतात.

या ९१,०८० च्या बाहेरचा हिशोबही आहे. शोची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची, म्हणजे सीझनचा पहिला आठवडा. त्या दिवसाची ८५,००० ची ऑर्डर मी सोडली, वधूपित्याला विसार परत केला आणि तो माणूस अजून माझ्याशी नीट बोलत नाही. ७०-२०० ची एफ २.८ लेन्स सेकंडहँड घेतली, ८२,००० ला. ती तेवढी राहिली.

अनामत ‘पंधरा वर्किंग डेजमध्ये’ येणार होती. मग फोन उचलायचं बंद, मग नंबरच बंद. आता तक्रारीचं ऐका.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडून प्रश्न, “पिन तुम्हीच टाकला ना?” हो. “मग व्यवहार तुमच्या संमतीनं झाला.” तरी नोंद घेतली, पोचपावतीचा नंबर आला. पोर्टलवर स्थिती कधीही बघा, ‘प्रक्रियेत’. हे खरं, की १९३० चा उपयोग पैसे गेल्यागेल्या होतो, समोरच्या खात्यात रक्कम असेपर्यंत. माझी रक्कम आठवड्यांपूर्वी गेलेली. पण मग तसं सांगा ना! संमती काढायची काय गरज? संमती फसवून घेतली, त्यालाच तर फसवणूक म्हणतात. बँकेनंही तेच वाक्य ऐकवलं, फक्त एसीमध्ये बसून.

आमच्या ठाण्यात गेलो. हवालदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहासुद्धा पाजला आणि विचारलं, “काय ओ, शो झाला का नाही?” झाला. “तुम्ही फोटो काढले?” काढले. “मग फसवलं कुठं? हा दिवाणी मामला आहे. आणि शो मुंबईला झाला, तिकडं जावा.” मुंबईला गेलो तर तिथे म्हणाले, पैसे सांगलीतून गेले, सांगलीत तक्रार द्या. मी त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची असते, १ जुलै २०२४ पासून तसा कायदाच आहे. साहेबांनी मोबाइल परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “वकील आहात का?” नाही साहेब, फोटोवाला आहे. खोटा जीएसटी नंबर, बदललेला हॉल, न मिळालेलं काम, बुडवलेली अनामत, हे सगळं कागदावर असताना त्यांना एकच दिसतं की शो झाला. हॉल भाड्यानं घेऊन चार लाइट लावले की या देशात न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागत नाही, असं समजायचं का? दहा लोकांकडून प्रत्येकी ९० हजार घेतले तर प्रत्येक जण एकटाच आपापल्या ठाण्यात उभा राहतो आणि ठाण्याला ते ‘किरकोळ’ वाटतं. हे त्या टोळीला पुरतं ठाऊक आहे, म्हणूनच माणसं वेगवेगळ्या जिल्ह्यांतून उचलतात.

ठाण्यानं घेतलं नाही तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे. मी अधीक्षकांना पाठवली आहे. पोस्टाची पावती सांभाळा.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, तक्रार ऑनलाइन होते. तिथल्या खिडकीवर मला ‘हा तर व्यापारी हेतू’ म्हणून परत पाठवायला निघाले होते. ऐकू नका. केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेलं कायदा व्यापारी हेतूत धरत नाही, अर्जात हे वाक्य स्पष्ट लिहा.

ज्यांना खरंच रनवेकडे जायचंय त्यांच्यासाठी. मुंबईतला मोठा फॅशन वीक गेली बरीच वर्षं चालू आहे. अशा शोमध्ये फोटोग्राफर आत जातो तो वृत्तपत्र, मासिक किंवा एजन्सीच्या नावानं मीडिया पास घेऊन, नाहीतर एखाद्या डिझायनरनं नेमला म्हणून. पिटमधली जागा कुणी विकत नाही. विकतोय म्हणजे ती पिट नाही. फॅशन डिझाइन शिकवणाऱ्या कॉलेजांमध्ये दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांचे शो होतात, खारघरच्या निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेपासून आपल्या जिल्ह्यातल्या संस्थांपर्यंत. त्या मुलांना फोटो हवेच असतात. तिथे फुकट काढा. पैसे देऊन फुकट काम करण्यापेक्षा ते बरं.

गेल्या आठवड्यात माझ्या असिस्टंटलाच जाहिरात आली. नाव नवं, लोगो नवा, पण त्यातला फोटो मी काढलेला, माझ्याच कार्डावरून उतरवून घेतलेला, जांभळ्या झालेल्या साडीचा. ‘अर्ली बर्ड’ नोंदणी आता २,९५० रुपये आहे. लातूरवाल्याशी आणि नाशिकवाल्याशी माझं बोलणं झालंय, आम्ही आयोगात एकत्र तक्रार लावतोय. त्या संध्याकाळी अंधेरीच्या त्या हॉलमध्ये ‘ऑफिशियल’ पट्टा घालून जे कुणी उभे होते, त्यांनी पट्टा, पावत्या आणि यूपीआयचे संदर्भ क्रमांक टाकून देऊ नयेत. मॉडेल मुलींच्या आई-वडिलांनीही. लाज नंतर वाटून घेऊ, आधी तारखेला हजर राहा.