फेसलिफ्ट सांगितलं, घातले दोरे

आधीच सांगते, हौस माझीच होती. डिसेंबरात लेकीचं लग्न, आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी कातडी मला फोटोत नको होती. पुण्यातल्या एका चकाचक क्लिनिकात गेले. तिथल्या काउन्सेलर मुलीनं आरशासमोर बसवलं आणि दोन-दोन बोटांनी माझे गाल कानाकडे ओढून धरले. "बघा काकू, दहा वर्षं कमी!" दिसतही होती. तिथेच मी गळाला लागले.

"फेसलिफ्टच आहे, पण संध्याकाळी घरी. सात वर्षं बघायला नको." एक लाख चाळीस हजार. बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वेगळा, रोख दिलेत तर बघू काहीतरी. मी रोख दिले. जन्मभर बँकेत नोकरी केलेली बाई मी! संमतिपत्र पुढे आलं ते भुलीची इंजेक्शनं टोचून झाल्यावर. इंग्रजी, बारीक अक्षर, चष्मा पर्समध्ये. केली सही.

लग्नात "काय फ्रेश दिसतेस गं" ऐकून घेतलं. फेब्रुवारीत केस विंचरताना कंगवा कानशिलापाशी अडकला. चाचपलं तर माशाच्या काट्यासारखं टोक कातडीतून वर आलेलं. हसलं की उजव्या गालाला खळी, या वयात! क्लिनिकचं एकच पालुपद, "सेटल होईल." मेपर्यंत गाल होते तिथे परत.

मग एका प्लॅस्टिक सर्जनना दाखवलं. त्यांनी चेहऱ्याआधी माझे कान पाहिले, पुढून आणि मागून. "टाक्यांचा व्रण कुठाय?" खऱ्या फेसलिफ्टमध्ये कानाच्या कडेनं छेद घेतात आणि कातडीखालचा 'स्मास' नावाचा थर वर ओढून टाके घालतात. नुसती कातडी ताणली तर ती पुन्हा सैलावते. हा थर १९७६ सालीच दोन फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन करून ठेवलाय. त्याच्या खालून चेहऱ्याची हालचाल सांभाळणारी नस (नर्व्ह) जाते, म्हणून हात शिकलेला लागतो. मला गाल वर ओढायला कातडीखाली नुसते घातले होते पीडीओचे दोरे, म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांचंच मटेरियल. साधारण सहा महिन्यांत विरतात. "दोरे आम्हीही घालतो," ते म्हणाले, "पण दोरे म्हणून सांगून."

दोरे घालणाऱ्या क्लिनिकातल्या 'कॉस्मेटिक सर्जन'ना डिग्री आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मी तेव्हा कुठे विचारला. प्लॅस्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, एवढाच प्रश्न. उत्तराऐवजी फुकट फिलरची, म्हणजे गाल भरायच्या इंजेक्शनची, ऑफर आली. हे पैसे देण्याआधी विचारा, आणि संमतिपत्र आदल्या दिवशी घरी मागून घ्या.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतेय. दोन वर्षांची मुदत आहे, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असली की फी लागत नाही. पावतीवर त्यांनी 'स्किन केअर पॅकेज' लिहिलंय. पण त्या मुलीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मी पुसला नव्हता: "काकू, फेसलिफ्टचे राहिलेले ४०,००० उद्या कॅश आणा." त्याच्या तीन प्रिंट काढून ठेवल्यात.