एमओएफला पॉलिमरची जोड: बाहेरून द्यावी की आतून?

गोव्यात एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष सुरू करताना गाइडने एमओएफ-पॉलिमर उत्प्रेरकाचा विषय सुचवला असेल, तर आधी एक गोष्ट ठरवा. पॉलिमर तुम्हाला नेमका कशासाठी हवाय?

एमओएफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) म्हणजे धातूचे गुच्छ आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू, म्हणजे लिंकर, यांची सच्छिद्र, स्फटिकी जाळी. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना याच कामासाठी मिळालं. पण प्रयोगशाळेत हाती येते ती बारीक पूड. अभिक्रिया संपली की ती सेंट्रिफ्यूज करायची, धुवायची, वाळवायची. दर फेरीला थोडी नळीच्या काचेला चिकटून राहते. चार-पाच फेऱ्यांनंतर उत्प्रेरक कमजोर झाला असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा तो वजनानेच घटलेला असतो.

अडचण हीच असेल तर सरळ मिश्रणाचा मार्ग घ्या. एमओएफ ॲसिटोनमध्ये सोनिकेट करायचं (ध्वनिलहरींनी विखरायचं), डीएमएफ या द्रावकात विरघळवलेल्या पीव्हीडीएफ या पॉलिमरमध्ये मिसळायचं, रोटाव्हॅपवर ॲसिटोन काढून टाकायचा आणि उरलेली दाट शाई काचेवर पसरून ओव्हनमध्ये वाळवायची. सुटून येतो तो लवचिक पापुद्रा चिमट्याने उचलता येतो. वजनाने साठ टक्क्यांहून जास्त एमओएफ अशा पापुद्र्यात बसवलेलं आहे, आणि पीव्हीडीएफच्या साखळ्या जाडजूड असल्याने लहान छिद्रांत शिरत नाहीत. मात्र डीएमएफमध्ये अभिक्रिया करायची असेल तर हा मार्ग बंद, पापुद्राच विरघळेल. समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटचे मणी त्याहून स्वस्त आणि सोपे. पण फॉस्फेट बफर त्यांतला कॅल्शियम ओढून घेतो आणि मणी विरघळतात.

लेप देण्याचं कारण वेगळं असतं, आणि आपल्याकडे ते जास्त लागू पडतं. तांब्याचं एचकेयूएसटी-1 हे एमओएफ पूर्ण कोरडं असताना गडद निळं-जांभळं असतं, ओल लागली की फिरोजी होतं. जुलैत गोवा विद्यापीठाच्या ताळगाव पठारावर डेसिकेटरबाहेर (ओल शोषणाऱ्या बंद भांड्याबाहेर) ठेवलेल्या नमुन्याचा हा रंगबदल नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सुरुवातीला तापवून पाणी काढता येतं, पण ओल सतत राहिली तर जाळीच ढासळते. पीडीएमएस या सिलिकोन पॉलिमरचा पातळ, जलविरोधी लेप इथे खरोखर उपयोगी आहे. लेप जाड झाला तर अभिक्रियेतल्या रेणूंचीही वाट अडते. म्हणून लेपाआधी आणि नंतर नायट्रोजन शोषण मोजून पृष्ठफळाची तुलना केलीच पाहिजे.

तिसरा मार्ग छिद्रांतच मोनोमर भरून तिथेच पॉलिमर बनवण्याचा. तो मला सगळ्यांत सुंदर वाटतो, पण पॉलिमर स्वतः काही काम करणार असेल तरच घ्या. क्रोमियमच्या एमआयएल-101 या एमओएफमध्ये आयनिक पॉलिमर बनवला की धातू इपॉक्साइडला (ऑक्सिजनसह तीन अणूंचं वलय असलेल्या रेणूला) सक्रिय करतो, पॉलिमरमधला हॅलाइड आयन ते वलय उघडतो आणि कार्बन डायऑक्साइड जोडला जातो. वेगळा सहउत्प्रेरक घालावा लागत नाही. हे जमतं, कारण त्या जाळीच्या खिडक्या, म्हणजे छिद्रांची तोंडं, 12 ते 16 अँगस्ट्रॉमच्या आहेत. यूआयओ-66 या एमओएफची खिडकी सुमारे 6 अँगस्ट्रॉम, तिथे हा घाट घालू नका. आत पॉलिमर किती भरला यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते नेमकं साधायला वेळ लागतो. पॉलिमरच लिंकर म्हणून वापरण्याचाही मार्ग आहे, तो पीएचडीसाठी ठेवा.

हाती एकच सत्र असेल तर माझं मत स्पष्ट आहे: यूआयओ-66 आणि पीव्हीडीएफ. झिर्कोनियमची ही जाळी दमट हवेत टिकते, आणि लिंकर गळालेल्या जागी उघडा पडलेला झिर्कोनियम एस्टरीकरणासारख्या अभिक्रियांना चालतो. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत पुढे नोकरी करायची असेल तर उत्प्रेरक गाळून परत मिळतो का आणि द्रावणात धातू उतरतो का, हे दोन प्रश्न तिथे अटळ आहेत. त्यामुळे मार्ग कोणताही घ्या, एक प्रयोग एमओएफ न घालता नुसत्या पॉलिमरवर करा. दुसऱ्यात अभिक्रिया अर्ध्यावर असताना, द्रावण गरम असतानाच उत्प्रेरक काढून घ्या आणि उरलेलं द्रावण तसंच ढवळत ठेवा. उत्पादन वाढतच राहिलं, तर काम जाळी नव्हे, सुटून आलेला धातू करतोय.