हिरव्या मायक्रोग्लियाचे उंदीर : १४ महिन्यांच्या वापरानंतर

रेटिनातल्या (डोळ्याच्या पडद्यातल्या) मायक्रोग्लियावर, म्हणजे तिथल्या रोगप्रतिकारक पेशींवर, काम सुरू करणारे मला हमखास विचारतात, सीएक्स३सीआर१-जीएफपी उंदीर घ्यावेत का? जरूर घ्या. फक्त आधी दोन पीसीआर (डीएनएच्या चाचण्या) करा आणि मगच जोड्या लावा. ते न केल्यापायी माझे पाच महिने गेले, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ही लाइन न्यूयॉर्क विद्यापीठात डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली आणि २००० साली प्रसिद्ध झाली. सीएक्स३सीआर१ हा मायक्रोग्लियावरचा रिसेप्टर. त्याच्या जनुकाचा एक तुकडा काढून तिथे जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक बसवलंय, त्यामुळे जी पेशी हा रिसेप्टर बनवते ती हिरवी चमकते. काटेकोर बोलायचं तर हे ट्रान्सजेनिक (परकं जनुक कुठेही घुसवलेलं) नव्हे, नॉक-इन (ठरावीक जागी बसवलेलं).

पहिली रेटिना काढली तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. चार काप देऊन ती पाकळ्यांसारखी स्लाइडवर पसरवली आणि ४८८ नॅनोमीटरचा लेझर लावला. आतल्या प्लेक्सिफॉर्म थरात (चेतापेशी एकमेकींना जोडल्या जातात त्या थरात) इवलंसं अंग आणि चहूबाजूंना नाजूक फांद्या असलेल्या पेशी दिसल्या, शेजारणीला न शिवता प्रत्येकीने आपली जागा धरलेली. फोकस खाली नेला की न्यूक्लियर थर (पेशीकेंद्रांचा) काळा, आणखी खाली बाहेरच्या प्लेक्सिफॉर्म थरात पुन्हा तीच हिरवी रांगोळी. ना अँटिबॉडी, ना रात्रभराचं इन्क्युबेशन. फॉर्मल्डिहाइडमध्ये चमक छान टिकते. मिथेनॉल मात्र लावू नका, चमक जाते.

आता पहिला पीसीआर, जीएफपीच्या प्रती किती ते पाहायचा. दोन्ही प्रती जीएफपीच्या असलेल्या उंदरात रिसेप्टर अजिबात नसतो. अशा उंदरांत वय वाढतं तसे मायक्रोग्लिया रेटिनाखाली साचत जातात, हे २००७ मध्ये दाखवलं गेलंय. म्हणजे प्रयोगाआधीच तिथे गर्दी. प्रयोगाला एकच प्रत असलेले उंदीर लागतात. मी होमोझायगस (दोन्ही प्रती जीएफपीच्या असलेले) नर आणि सी५७ब्लॅक६-जे या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जातीच्या साध्या माद्या अशा जोड्या लावते, म्हणजे सगळी पिल्लं आपोआप एका प्रतीची निघतात. तरी या उंदरांत रिसेप्टर निम्माच असतो, म्हणून कंट्रोलही (तुलनेचे उंदीर) याच पिल्लांतून घ्या.

दुसरा पीसीआर आरडी८ चा, म्हणजे रेटिना बिघडवणाऱ्या एका जनुकीय दोषाचा. सी५७ब्लॅक६ च्या 'एन' उपजातीत सीआरबी१ जनुकातलं एक अक्षर गळालेलं आहे (हाच आरडी८), हे २०१२ मध्ये सगळ्यांना कळलं. 'जे' मध्ये ते शाबूत आहे. माझ्या पहिल्या जोड्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या आणि मधल्या काळात तिथे कुणीतरी 'एन' माद्या वापरल्या होत्या. मी उंदराच्या एका डोळ्याला लेझरने बारीक इजा करत होते, दुसरा डोळा कंट्रोल. फंडसच्या (डोळ्याच्या आतल्या मागच्या भागाच्या) फोटोत खालच्या, नाकाकडच्या भागात पांढरट ठिपके दिसले आणि त्यांच्याभोवती हिरव्या पेशींचे पुंजके. तीन आठवडे मी त्याला इजेचा परिणाम समजत होते. मग कंट्रोल डोळे नीट पाहिले, तर तिथेही तेच. शेपटीचे तुकडे पीसीआरला लावले, दोन्ही प्रती आरडी८ च्या. सगळी कॉलनी बंद करावी लागली. अॅनिमल हाऊसचे मामा पिंजऱ्यांवरची कार्डं काढत म्हणाले, "मॅडम, ही एकवीस दिवसांची पिल्लं मी कालच वेगळी केली होती." त्यांना उत्तर देणं मला फार जड गेलं.

नव्या कॉलनीत या उंदरांचा खरा कस लागला. भूल देऊन, डोळ्याची बाहुली मोठी करून स्कॅनिंग लेझर ऑफ्थॅल्मोस्कोपखाली (लेझरने डोळ्याच्या आतलं दाखवणाऱ्या यंत्राखाली) एकाच उंदराच्या रेटिनाचा तोच कोपरा आठवड्यामागून आठवडा पाहता येतो. प्रत्येक टप्प्यावर वेगळे उंदीर मारावे लागत नाहीत, आणि माझ्या लेखी हा सर्वांत मोठा फायदा. केटामाइन-झायलाझिनच्या भुलेखाली कॉर्निया वाळतो आणि लेन्स पांढरी पडायला लागते, म्हणून डोळ्यावर जेल सतत ठेवा आणि उंदीर गरम ठेवा. जागा झाल्यावर लेन्स पुन्हा स्वच्छ होते.

एक सावधगिरी. हिरवं दिसलं म्हणजे मायक्रोग्लियाच असं नाही. रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशीही हा रिसेप्टर बनवतात, आणि इजेनंतर त्या रेटिनात शिरल्या की नुसत्या रंगावरून वेगळ्या करता येत नाहीत. मी पी२आरवाय१२ (मायक्रोग्लियाची खूण असलेलं प्रथिन) चं स्टेनिंग जोडीला करते, पण चिडलेल्या मायक्रोग्लियात तेही फिकं पडतं, तेव्हा शंका उरतेच. म्हाताऱ्या उंदरांत पिगमेंट एपिथेलियममधलं (रेटिनामागच्या थरातलं) लिपोफ्युसिन हे वयाबरोबर साचणारं द्रव्य स्वतःच चमकतं. लाल चॅनेलमध्येही तोच ठिपका दिसला तर मोजू नका.

म्युलर पेशी (रेटिनाच्या आधारपेशी) पाहायच्या असतील तर ही लाइन उपयोगाची नाही. त्यासाठी ग्लास्ट-क्रे उंदीर टीडीटोमॅटो (लाल चमकणारं प्रथिन) असलेल्या उंदरांशी जोडून, तो रंग चालू करायला टॅमॉक्सिफेन हे औषध देतात. जीएफएपी-जीएफपी ही दुसरी लाइन घेणार असाल तर पार्श्वभूमी (उंदरांची मूळ जात) विचारून घ्या. एफव्हीबी जात असेल तर तिच्यात आरडी१ हा रेटिनाचा आणखी एक जनुकीय दोष असतो, आणि पिल्लू आईपासून वेगळं करायच्या सुमारास त्याच्या फोटोरिसेप्टर (प्रकाश टिपणाऱ्या) पेशी जवळजवळ संपलेल्या असतात.

सध्या माझ्याकडे बारा पिंजरे आहेत. बाहेरून नवा नर आला की त्याची शेपटी आधी आरडी८ ला जाते आणि निकाल हातात येईपर्यंत मामा त्याला वेगळ्या रॅकवर ठेवतात.