फुकटच्या सॉफ्टवेअरचं ‘मल्टी-युझर लायसन्स’ आमच्या गळ्यात मारलं

आमच्या ट्रस्टच्या वसतिगृहाचं बजेट तिघांना आपापल्या कॉम्प्युटरवरून बघता यावं म्हणून एका कन्सल्टंटकडून ‘मल्टी-युझर’ पॅकेज घेतलं. माणशी लायसन्स, वर दरवर्षी रिन्यूअल. लहान संस्थांनी हे जरूर वाचावं, हा माणूस अशाच संस्था गाठतो.

पॅकेज म्हणजे निव्वळ ग्नूकॅश, हे हिशेब ठेवण्याचं सॉफ्टवेअर, निघालं. डेस्कटॉपवरच्या आयकॉनला ट्रस्टचं नाव दिलेलं; हेल्पमधलं ‘अबाउट’ उघडलं की खरं नाव समोर. ग्नूकॅश मोफत मिळतं, त्याला माणशी लायसन्स नसतंच. बसवून देण्याचे, शिकवण्याचे पैसे खुशाल घ्यावेत, ते कष्टाचे. नसलेल्या लायसन्सचे घेणं ही सरळ लूट.

त्याहून वाईट जोडणी. हिशेब त्याच्या सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस (माहिती साठवणारं सॉफ्टवेअर) डेटाबेसमध्ये, आणि तिन्ही मशीनवर सेटिंग्ज हुबेहूब एकच: तोच होस्ट (सर्व्हरचा पत्ता), तोच युझर, तोच पासवर्ड. ग्नूकॅश डेटाबेसवर चालतं, पण एकाच वेळी अनेकांनी नोंदी करण्यासाठी ते बनलेलंच नाही. दुसऱ्यानं उघडलं की लॉक (हिशेब एका वेळी एकाच्याच ताब्यात ठेवणारं कुलूप) मिळत नाही असा इशारा येतो. हा गृहस्थ म्हणाला, “तो मेसेज नेहमीचाच, ‘ओपन एनीवे’ दाबा.” उघडताना प्रत्येक मशीन सगळा हिशेब स्वतःच्या मेमरीत घेतं, नंतर दुसरीकडे झालेला बदल त्याला दिसत नाही. मी किराण्याची तरतूद ४०,००० ची ४६,००० केली. खजिनदार मॅडमच्या स्क्रीनवर ४०,०००च होते. त्यांनी औषधांचा आकडा बदलला आणि किराणा पुन्हा ४०,०००! कुणी बदललं हे शोधायची सोय नाही, कारण डेटाबेसच्या लेखी तिघंही एकच. मॅडमवर नाहक संशय घेतला गेला, त्याचा राग अजून जात नाही.

रिन्यूअलला नकार देताच पासवर्ड बदलण्याची धमकी आली. त्याआधीच ‘सेव्ह ॲज’मध्ये एक्सएमएल (सगळा हिशेब एका फाइलमध्ये ठेवण्याचा प्रकार) निवडून अख्खा हिशेब, बजेटसकट, आम्ही पेनड्राइव्हवर उतरवून घेतला होता. आता नोंदी एकच जण करतो, बाकीचे प्रत बघतात.

असं कुणी दारात आलं तर सर्व्हर कुणाच्या नावावर, प्रत्येकाला वेगळा लॉगिन मिळणार का, हे पैसे देण्याआधी लेखी मागा. पैसे गेलेच असतील तर बिलं आणि मेसेज जपून ठेवा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. आम्ही केली आहे.